कासवाचा वेग

मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायला उभं राहावं आणि जे त्याच्यात जन्मात कधी नव्हतं तेच त्याच्या गळ्यात बांधावं, ही कुठली रीत? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काकूंना ठाऊक होतं. कौतुक थोडं उतू गेलं तर एक वेळ चालतं. पण क्लबच्या अध्यक्षानं दूध वाढवलं नव्हतं, म्हैसच बदलली होती.

"वेगाचं वेड होतं आपल्या मित्राला," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज भरून आला होता. "आणि ज्या गोष्टीवर जीव लावला, तीच करताना तो गेला. असं मरण भाग्यवंताला येतं."

पहिल्या रांगेत, पाय हलला की कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे मान वळवली.

"हा कुणाच्या मयताला आलाय, विचार जरा त्याला."

"आई, हळू."

"हळू काय? तो माइकवर खोटं बोलतोय, मी तोंडानं खरं बोलतेय. आवाज त्याचाच मोठा आहे."

मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं. सुनेनं मान खाली घातली. हल्ली ती तशीच असायची, मानेचा खिळा निसटल्यासारखी.

जुन्या गाड्यांच्या क्लबनं काकूंच्या लेकासाठी ही सभा ठेवली होती. सभा कसली, एका गॅरेजची पत्र्याची शेड झाडून घेतली होती, तेलाच्या डागांवर भुसा टाकला होता आणि गाड्या वर उचलायच्या लिफ्टच्या खांबाला त्याचा फोटो टांगला होता. बाहेर आवारात सगळ्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. लोकांनी भंगारात काढलेल्या गाड्या ही मंडळी पोटच्या पोरीसारखी घरी आणत. या लोकांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण कुठल्या सालच्या गाडीला कुठला दिवा होता ते झोपेत चिमटा काढला तरी सांगतील, असं काकू म्हणायच्या. म्हणायच्या आणि तरी दर सुट्टीला त्यांच्यासाठी थर्मास भरून चहा द्यायच्या. लेकाचं सगळं मित्रमंडळ त्यांना आईच म्हणायचं, आणि काकू सगळ्यांना तूच म्हणायच्या.

शाळेची पायरी काकूंनी जेमतेम दोन वर्षं चढली होती. नवरा लवकर गेला तशी त्यांनी लॉन्ड्री काढली आणि दुसऱ्यांच्या कपड्यांवर आपलं घर उभं केलं. अक्षरं वाचायला त्यांना वेळ लागायचा, कॉलर वाचायला नाही. कोण घामेजतो, कोण बाहीच्या कफाला नाक पुसतो, कुणाच्या बायकोनं बटण लावायचं सोडून दिलंय, हे सगळं त्यांना शर्ट हातात घेतला की कळायचं. लेकाचे शर्ट मात्र त्यांना कधी वाचावेच लागले नाहीत. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. केसाइतकी चूक झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणायचा, आणि सगळी कामं त्याच हातानं करायचा. भाजी चिरणं असो की गाडी चालवणं.

आणि गाडी तर तो अशी चालवायचा की देवा रे देवा. मांडीवर दुधाचं उघडं पातेलं घेऊन बसावं, थेंब सांडायचा नाही. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. सहलीला निघायचं असलं की क्लबवाले त्याला आधी निघायला सांगायचे, आणि तरी तो शेवटी पोचायचा. त्यांनीच त्याचं नाव ठेवलं होतं, कासव. एका वाढदिवसाला पत्र्याचं कासव कापून दिलं, ते त्यानं हसत हसत गाडीच्या मागे लावलं.

हाच अध्यक्ष तेव्हा म्हणायचा, "कासवा, तुझ्या मागून येताना माझी दाढी वाढते!"

आणि आता म्हणे वेगाचं वेड.

डोंगराच्या उतारावर गाडी सुटली होती. समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, बाणासारखी गेली. वळणावर कठडा तुटला. चौकीतल्या हवालदारानं कागदावर "अतिवेग" लिहिलं आणि विषय मिटला. त्याच सकाळी घरातला नळ फुटला होता. पाणी घरभर झालेलं, प्लंबर निघण्याच्या घाईत, आणि मुख्य कॉक कुठे आहे ते फक्त त्याला माहीत. म्हणून सुनेनं फोन केला होता. "लवकर या." एवढंच. तो म्हणाला, "निघालो."

तेव्हापासून ती बाई त्या दोन शब्दांवर दिवस काढत होती. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. "मीच घाई केली, आई. ते माझ्यासाठी पळवत आले." काकूंनी तिच्या ब्लाऊजच्या बाह्यांना दोनदा टाके घातले, तरी बाह्या ढगळच. तिला दोष काकूंनी कधी दिला नाही. पण "तसं नाही गं" असंही ठणकावून म्हणता आलं नव्हतं. बाणासारखी गेलेली गाडी त्या तरी कशी नाकारणार होत्या?

म्हणून आज "वेग" हा शब्द पुन्हा आला तेव्हा काकूंनी पाहिलं, की सुनेनं स्वतःच्या मनगटावर नखं रुतवली होती.

अध्यक्ष खाली बसला. रंगाच्या दुकानाचा मालक, एरवी कडक इस्त्रीचा माणूस. आज कॉलर मात्र आतून काळवंडली होती. रडणाऱ्या माणसाची कॉलर पुढून भिजते, काकूंच्या मनात आलं. मागून भिजते ती घाबरलेल्याची.

मग शेडच्या टोकाला झाकून ठेवलेल्या लेकाच्या गाडीवरचं कापड काढलं. राखाडी रंग आरशासारखा. चेपलेलं नाक सरळ झालेलं, काच नवी. चौकीच्या आवारातून गाडी आणली ती अध्यक्षानंच, आणि दुसऱ्या कुणालाही हात लावू न देता दुरुस्त केली तीही त्यानंच. "दुकान नोकरांवर सोडून राबलाय हो," बायका एकमेकींना म्हणाल्या. "सख्खा भाऊ करणार नाही."

काकू उठल्या. कुणी हात द्यायला आलं, त्यांनी तो झटकला. गाडीपाशी जाऊन खिडकीतून आत डोकावल्या. चौकीच्या आवारात त्यांनी ही गाडी पाहिली होती. नको म्हणत असताना हट्टानं गेल्या होत्या. चुरा झालेल्या काचेत एकच गोष्ट त्यांच्या डोळ्यांत राहिली होती. हँडब्रेकची दांडी. छताकडे तोंड करून ताठ उभी, मुळाशी वाकलेली, जणू कुणी दोन्ही हातांनी उपटायला पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लावण्याइतकं डोकं जाग्यावर नव्हतं. आता दांडी शहाण्या मुलासारखी खाली निजली होती. नवी होती.

"छान झालीय ना, आई?" मागून अध्यक्षानं विचारलं.

"झालीय खरी," काकू म्हणाल्या. "काही घडलंच नव्हतं, इतकी छान झालीय."

त्या परत खुर्चीत येऊन बसल्या. एकेक जण उठून आठवणी सांगू लागला. फोटोग्राफर बाईंनी सांगितलं, की सगळ्यांचे फोटो हललेले येत, फक्त कासवाचा कधी हलला नाही. लोक हसले. सूनही ओठांच्या कडेनं हसली. मग दंतवैद्य उठला. गोलमटोल, पोटात काही न ठेवणारा माणूस. लहानपणापासून काकूंच्या लॉन्ड्रीत पडीक असायचा.

"मला एकच सांगायचंय," तो म्हणाला. "आपल्या स्पर्धेत कासवाला दरवर्षी गुण कमी पडायचे. का? तर त्याच्या गाडीला ब्रेकचा पाइप नवीन बनावटीचा होता. बाकी गाडी अस्सल, पाइप तेवढा परका. आपला नियमच आहे. परका भाग, कापा गुण. तर त्या शनिवारी, इथेच, अध्यक्षांनी एक खोकं काढलं. कंपनीचा मूळ पाइप! गाडीएवढाच जुना, आणि एकदाही न वापरलेला. खोक्याची पट्टीसुद्धा फाटली नव्हती. असं रत्न कुणी कुणाला देतं का हो? यांनी दिलं. मित्राला दिलं." त्यानं अध्यक्षाकडे हात केला. "कासव आपला घाबरट. म्हणतो, अरे, रबर आहे, इतकी वर्षं झाली. तेव्हा अध्यक्ष काय म्हणाले माहितेय? म्हणाले, जो घराबाहेरच पडला नाही तो म्हातारा कसा होईल? आम्ही इतके हसलो! मग कासवही हसला. तिथल्या तिथे बसवला त्यानं पाइप. इतका खूश होता. म्हणाला, उद्या सकाळी डोंगरावर नेऊन बघतो, आणि दुसऱ्या दिवशी…"

दंतवैद्य थांबला. तोंड उघडंच राहिलं. आपणच उच्चारलेलं वाक्य आपल्याच दातात अडकावं, तसं त्याचं झालं. त्यानं अध्यक्षाकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. गाड्यांवर आयुष्य वेचलेली ती सगळी माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली.

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या वाफेची नळी असते, तीही रबराचीच. बंद कपाटात पडून राहिलेली नळी बाहेरून काळीभोर दिसते आणि वाकवली की भेगाळलेल्या टाचेसारखी फाटते. काकूंनी अशा किती फेकल्या होत्या. हे कळायला त्यांना शाळेची गरज नव्हती, आणि खरं तर इथल्या कुणालाच ते नव्यानं कळायचं नव्हतं. त्या दिवशी खोक्याच्या कौतुकात ते दिसलं नव्हतं, एवढंच.

"चला," अध्यक्ष घाईनं उठला. "आता शेवटचं ऐकणं."

क्लबचा तो रिवाज होता. सभासद गेला की सगळ्यांनी आपापल्या गाड्या चालू करायच्या, मग एकेक करून बंद करायच्या. शेवटी फक्त गेलेल्याचं इंजिन चालू ठेवायचं. ते सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं, आणि घरच्या माणसानं किल्ली फिरवून ते थांबवायचं. चौघांनी राखाडी गाडी ढकलत आवारात नेली. सुनेला पुढच्या सीटवर बसवलं. ती स्टिअरिंगला हात लावेना. किल्ली तिनं मुठीत धरून ठेवली होती.

"सूनबाई," काकू खिडकीशी वाकून म्हणाल्या, "किल्ली फिरवू नकोस. मी आले." आणि अध्यक्षाला म्हणाल्या, "मला पाणी दे. आतल्या खोलीत."

"आई, सगळे थांबलेत."

"थांबू देत. माझा लेकही थांबायलाच बघत होता."

सुट्या भागांच्या खोलीत फडताळांवर खोकीच खोकी होती. काकूंनी दार लोटलं. पाण्याचा ग्लास घेतला नाही.

"तो पाइप कुठाय?"

"कुठला, आई?"

"कानात बोळे घालू नकोस. तुला कधी खोटं बोलता यायचं नाही, लहान होतास तेव्हाही नाही. म्हणून तर माइक लागला."

अध्यक्ष एका टायरवर बसला.

"फेकला."

"कधी?"

"गाडी चौकीतून आणली त्याच दिवशी."

"फाटला होता?"

"आतून. वरून बघितलं तर… वरून अगदी नवा दिसत होता हो, आई. शपथ. पेडल दाबल्यावर सगळं तेल तिथूनच गेलं असणार. जुन्या गाडीला एकच वाट असते ब्रेकच्या तेलाची. ती गेली की पायाखाली काही उरत नाही."

काकूंनी फडताळाचा कोपरा धरला. पायाखाली काही उरत नाही. त्या उतारावर, दोन्ही हातांनी दांडी उपटत. त्यांना ते सगळं बघायचं नव्हतं, पण डोळ्यांना दार नव्हतं.

"मी मुद्दाम केलं नाही," अध्यक्ष म्हणाला. "त्या खोक्यात जोडी होती. दुसरा मी माझ्याच गाडीला लावला होता. माझ्याच! मला खात्री नसती तर लावला असता का?"

"आणि तो? अजून लावलेलाच आहे?"

तो फडताळावरच्या खोक्यांकडे बघू लागला.

"तोंड उघड."

"काढला. दुसऱ्या दिवशी."

"माझ्या लेकाचा अंत्यविधी होता दुसऱ्या दिवशी."

"अंत्यविधीहून घरी गेल्यावर."

"म्हणजे तुला ते तेव्हाच कळलं होतं, फाटका पाइप बघायच्याही आधी." काकूंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर अध्यक्षाला सोपं गेलं असतं. "स्वतःचा जीव तेवढा मोकळा करून घेतलास. आणि बाहेर जे उभे आहेत, त्यांच्यात कुणाच्या गाडीला असंच खोक्यातलं रत्न असेल, ते?"

"विचारणार होतो… जमेना. विचारलं असतं तर का विचारतोस म्हणाले असते." त्यानं चेहरा तळव्यांत घेतला. "मी बायकोलाही सांगितलेलं नाही. झोप येत नाही, आई. त्याची गाडी दुरुस्त करताना रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगून तो परत येणार आहे का?"

"न सांगून आला?"

"वेगाचं मी काढलं नाही. लोकच म्हणत होते. मी फक्त… हो म्हटलं."

"हवालदारानं वेग लिहिला. वेड तू जोडलंस. सख्ख्या मित्राचा शिक्का हवा होता ना त्यावर, तो तू मारलास." काकूंनी दार उघडलं आणि आवारात हाक दिली, "सूनबाई! इकडे ये. किल्ली घेऊन ये."

"आई, नको. वहिनींना नको. पाया पडतो."

"तिलाच. आधी तिलाच."

सून दारात आली. तिच्या मागे दहा पावलांवर सगळा क्लब उभा होता. पुढे यायची हिंमत कुणाला नव्हती, आणि मागे सरकायचीही. दंतवैद्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"सांग हिला," काकू म्हणाल्या.

काकू थांबल्या. लॉन्ड्रीत गिऱ्हाईक बिल देताना खिसे चाचपत राहतो तेव्हा थांबायच्या, तशा, हाताची घडी घालून. शेवटी तो जमिनीकडे बघत बोलला. पाइप. खोकं. आतून फाटलेला. ब्रेक लागलेच नसणार, वहिनी. तो पळवत नव्हता. गाडीच त्याला घेऊन गेली.

सुनेनं ऐकलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज एवढा बारीक होता की मागच्यांनी माना पुढे केल्या.

"म्हणजे त्यांना घाई नव्हती?"

"नव्हती," अध्यक्ष म्हणाला. "कासवाला कधी होती?"

ती दारातच, उंबऱ्यावर बसली. रडली नाही. मनगटावरचे नखांचे वळ दुसऱ्या हातानं चोळत राहिली, कुणा दुसऱ्याचं दुखणं चोळावं तसे. मग म्हणाली, "त्या दिवसापासून मी नळ सोडताना डोळे मिटते, भाऊजी. तुम्ही आलात की मीच तुम्हाला पाणी द्यायची. त्याच नळाचं."

अध्यक्ष टायरवरून घसरला, गुडघ्यांवर आला. "मला माफ करा, वहिनी. आई, माफ करा मला. तुम्ही म्हणाल ते करतो."

आवारात एकही इंजिन चालू नव्हतं. काकूंनी सुनेच्या हातातली किल्ली घेतली, स्वतःच्या कमरेला खोचली आणि त्याच्याकडे पाहिलं. पोर म्हणून ज्याला त्यांनी कितीदा जेवू घातलं होतं, त्याच्याकडे.

"उठा, अध्यक्ष. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाशी मी बोलत नाही. जुना पाइप दिलात, ती चूक. माझ्या लेकाला शंका आली आणि तुमच्या हसण्यापुढे तो गप्प बसला, ती त्याची चूक. चुकीवर मी कुणाला धरत नाही. पण ही बाई तुमच्या डोळ्यांसमोर रोज थोडी थोडी मरत होती, आणि तिला वाचवायला तुम्हाला एक वाक्य लागणार होतं. तेवढंही तुमच्यानं झालं नाही. स्वतःच्या गाडीचा पाइप मात्र दिवस मावळायच्या आत निघाला. तुमचं रडणं खरं आहे, मला दिसतंय. ते घरी न्या, आम्हाला त्याचा उपयोग नाही. आता बाहेर जा आणि हिला सांगितलंत तेच माइकवर सांगा, म्हणजे यांच्यातलं दुसरं कुणी जायचं वाचेल. मग चौकीत जाऊन सांगा. पुढचं ज्याचं तो बघेल. माझ्या घरचं मी सांगते. माझ्या लेकाचे तुम्ही मित्र होतात, ते मी कधी नाकारणार नाही. पण मी मेले तरी माझ्या दारात येऊ नका."